नववं रोप

"उलटं धरा ते पान," रोपवाल्या बाई म्हणाल्या.

कंपाउंडरांच्या मुलीनं पान उलटं धरलं. बाईंनी भिंग लावलं. मागच्या पायरीवर कंपाउंडर श्वास रोखून उभे होते.

"लाल कोळी नाही. बारीक जाळं दिसलं असतं."

दवाखान्यातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना कंपाउंडरच म्हणायची. जन्मभर दुसऱ्यानं केलेल्या निदानावर त्यांनी पुड्या बांधल्या. आज स्वतःच्या परसातल्या निदानासाठी ते ताटकळत होते. परसातली नऊ गुलाबं बायकोनं लावलेली. तिला जाऊन सात महिने झाले होते आणि तेवढ्यात आठ गुलाबं गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीखालचं हे नववं तेवढं उरलं होतं.

ती होती तोवर तिच्या शब्दाबाहेर घरातलं पान हलत नसे. नवऱ्यानं चहा किती वाजता प्यायचा, खुर्ची कोणत्या भिंतीला लावायची, सगळं तिनं ठरवायचं. जायच्या आदल्या दिवशी तिनं त्यांचा हात घट्ट धरून शब्द घेतला : माझं एक जरी गुलाब जिवंत असलं, तरी हे घर सोडायचं नाही.

कंपाउंडर हो म्हणाले. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला नाही कोण म्हणणार? आणि शब्दाला ते पक्के. मुलगी दर फोनला म्हणायची, "बाबा, माझ्याकडे या, खोली रिकामी आहे." त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुझ्या आईला शब्द दिलाय."

रोज दुपारी चार वाजता स्वयंपाकघरात सपाता वाजत. उजवा पाय जरा ओढत चालायची तिला सवय होती, तोच आवाज. खुर्ची खिडकीशी सरकवून ठेवली, तर सकाळी ती पुन्हा भिंतीला लागलेली असे. कंपाउंडरांनी हे कुणाला सांगितलं नाही. लोकांनी त्यांनाच वेड्यात काढलं असतं. चार वाजत आले की ते उठून परसात गुलाबांपाशी येऊन बसत. झोप उडाली होती, अंगावरचे कपडे सैल झाले होते. शेजारीपाजारी हळहळत, बायकोची आठवण म्हाताऱ्याला खाऊन टाकतेय. मुलीच्याही कानावर ते गेलं, म्हणून तर ती या बाईंना घेऊन आली होती.

"हे काळे डाग?" मुलीनं विचारलं.

"थोडी बुरशी आहे. तेवढ्यानं आठ झाडं मरत नाहीत. आणि ही कड गोल कातरलीय ना, ती पानं कापणाऱ्या माशीनं. तिला कापू दे बिचारीला, तिचा त्रास नसतो."

बाई शेंड्याकडे वळल्या. नवी पानं दोऱ्यासारखी अरुंद, पिळवटलेली होती.

"काका, घरात तणनाशक आहे?"

"आणलं होतं एकदा," ते सावकाश म्हणाले. "फरशीच्या फटीतल्या गवतासाठी."

"आणि बुरशीचं औषध कशानं मारता?"

"त्याच पंपानं. धुऊन."

"कशानं धुतला?"

"पाण्यानं."

"तिथंच घोळ झाला बघा! नुसत्या पाण्यानं ते जात नाही. तुम्ही आपले दर आठवड्याला औषध म्हणून विष मारत राहिलात."

मुलीनं तोंडावर हात धरला. "अगं बाई! बाबा!"

कंपाउंडरांनी मान खाली घातली. "जन्मभर बाटल्या विसळल्या मी," ते पुटपुटले.

"होतं हो काका. भल्याभल्यांकडून होतं."

"बाई, खरं सांगा." कंपाउंडरांनी विचारलं. "हे आता काही वाचत नाही, ना?"

बाईंनी खोडाची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं.

"कोण म्हणतं? वेडावाकडा वाढलेला भाग छाटायचा. पाणी द्यायचं, खत नाही, फवारणी बंद. महिन्याभरात नवी फूट येते की नाही बघा. मुळं धडधाकट आहेत. चिवट जात आहे ही, तुम्हाला-मला पोचवून येईल!"

कंपाउंडर पायरीवर मटकन बसले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मुलीनं त्यांना जवळ घेतलं.

"वाचलं, बाबा! आईचं गुलाब वाचलं. आता नाही हो मी तुम्हाला चला म्हणणार. आईच्या मनात तुम्ही इथंच राहावं असं आहे, तर राहा."

त्यांनी मान हलवली.

बाईंनी कात्रीनं फांद्या छाटल्या. जाताना पंप पिशवीत घातला. "हा मी नेते. पुन्हा चूक नको." साडेतीनला मुलगी बाईंना सोडायला म्हणून निघाली, ती तशीच पुढे आपल्या घरी जाणार होती. फाटकाशी वळून तिनं हात हलवला. कंपाउंडरांनीही हलवला. किती दिवसांनी बाबांचं मन मोकळं झालं, असं वाटून तिला बरं वाटलं.

चार वाजता आत सपाता वाजल्या. ओट्यापासून निघाल्या, एक पाय ओढत आल्या आणि खिडकीशी थांबल्या.

कंपाउंडरांनी वर पाहिलं नाही. पाण्याच्या टाकीमागे हात घालून त्यांनी बाटली काढली आणि जन्माच्या सवयीनं चष्मा लावून वरची चिठ्ठी वाचली. आधीच्या आठांना त्यांनी माप मोजून दिलं होतं. नवव्याच्या बुंध्याशी मात्र, "आता तरी सोड मला," म्हणत, त्यांनी सगळी बाटली उपडी केली.