भाऊजी, कडी लावा

दुपारची भांडी आवरून मृदुलाने मनगटाला पुस्तकाची नाडी मोजणारी पट्टी बांधली आणि पुस्तक उघडलं. घरात पुस्तक एकच, दोघी जावा ते आलटून पालटून वाचायच्या. ज्या शब्दाला वाचणारीची नाडी जलद होई, तो शब्द धरून पुस्तक पुढची गोष्ट रचायचं. काल तिने मिटलं तेव्हा गोष्टीतल्या अंतराळयानावरच्या लांडगा-माणसाने नायिकेला भिंतीशी गाठलं होतं. आज सकाळी थोरल्या जाऊबाई, सुलभावहिनी, तीच गोष्ट पुढे वाचत बसल्या होत्या.

आज लांडग्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. मृदुलाला हसू आलं. लांडग्याला कसला चष्मा? आणि ही खोड तर तिच्या नवऱ्याची, दिगंबरची.

मग नायिका त्याच्या छातीवर डोकं टेकून पुटपुटली, "भाऊजी, कडी लावा."

मृदुला नवऱ्याला 'अहो' म्हणायची. त्याला भाऊजी म्हणणारी घरात एकच होती.

तिची छाती धडधडू लागली. पुस्तकाला वाटलं, बाईला आवडलं. पुढच्याच ओळीत लांडग्याने कडी लावली.

"झालं का गं वाचून?" स्वयंपाकघरातून सुलभावहिनींनी विचारलं. "दे मग इकडे. माझं अर्धवट राहिलंय."