पुढचे दोन दात

"पुढचे दोन्ही दात आजच काढू," दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. "हिरडी पार सडली आहे."

बाबांनी तोंड घट्ट मिटलं. आयुष्यभर त्याच दातांवर ट्रम्पेट टेकवून त्यांनी जॅझ बँड चालवला होता. कोणी काय वाजवायचं, तेही तेच लिहून द्यायचे. "एवढा कार्यक्रम होऊन जाऊ दे," ते म्हणाले. "दात गेले की फुंकणं संपलं."

मुलगी कातावली. रात्रभर कण्हून घर डोक्यावर घ्यायचं आणि इथे खुर्चीत बसलं की हे असं. निघतानाच तिने दटावलं होतं, "बाबा, आज नाटकं नकोत."

"कधी आहे कार्यक्रम?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी मुलीकडे पाहिलं. बँडमधले एकेक करत गेले होते. मागच्या महिन्यात ड्रमवालाही गेला आणि बाबा एकटेच उरले.

मुलीने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"तारीख ठरायची आहे अजून," ती म्हणाली. "तोवर गोळ्यांवर भागेल ना, डॉक्टर?"