अर्धा किलो तूर

मोनालीने बाबारावांच्या ओट्यावर बसायचं टाळलं. माफी उभ्यानंच मागायची, असं ती यवतमाळहून एसटीत बसतानाच ठरवून आली होती.

"जय भीम मॅडम. बसा ना," बाबाराव म्हणाले.

ती हात जोडून उभीच राहिली.

तुरीला वीस दिवस आधी फुलवणारा जनुकातला एक बदल शोधण्यात तिची चार वर्षं गेली होती. फूल लवकर धरलं की जमिनीतली ओल सरायच्या आत शेंग भरते. त्या वाणाचं अर्धा किलो बी तिने गेल्या जूनमध्ये मुकुटबनला स्वतः आणून बाबारावांच्या हाती दिलं होतं. मूठभर दाणे तेवढे प्रयोगशाळेत उरले होते.

बाबारावांच्या वावरात तूर जोमाने आली. फुलली मात्र गावच्या तुरीबरोबरच. मोनालीने पानं नेऊन तपासली. एकाही पानात तो बदल सापडला नाही. प्रयोगशाळेतल्या दाण्यांत तो होता. म्हणजे पुडी भरताना आपल्याच हातून अदलाबदल झाली, दुसरं काय?

तिने प्रयोगशाळेच्या सरांना तसं लिहून दिलं. सरांनी काम दुसऱ्याकडे सोपवलं. तिला कुणी टोचून बोललं नाही, पण चहाला हाक मारणं सगळ्यांनी सोडलं. घरी आईने दोनदा कामाचं विचारलं, तेव्हा ते पूर्ण झालं असं तिने खोटंच सांगितलं. बाबारावांपुढे यायला तर तिला पंधरा दिवस लागले.

"काका, मी तुम्हाला चुकीचं बियाणं दिलं," ती म्हणाली. "माझ्या भरवशावर तुम्ही अख्खा तुकडा त्याला दिला. मला माफ करा."

बाबारावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि उगाच घडी घालत बसले. "होते असं," एवढंच काहीसं ते पुटपुटले. तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

"कसं होईल काका? बी ओळखणं हेच तर माझं काम होतं," मोनाली म्हणाली. मग लिहून दिल्याचं, काम गेल्याचंही तिने सांगून टाकलं. सांगताना तिचा आवाज चिरकला, त्याचीही तिला लाज वाटली.

दारात त्यांची बायको पंचफुला ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"सांगा आता," ती नवऱ्याला म्हणाली. "पोरीचं काम गेलं."

बाबारावांनी दुपट्ट्याची घडी मोडून पुन्हा घालायला घेतली. शेवटी पंचफुलाच उठून मोनालीजवळ आली.

"बाई, तुमची पुडी बरोबरच असन. आमी ते पेरलंच नाही. हे घरची तूर पेरून मोकळे झाले, अन् लाजेपायी तुमाले बोलले नाही."

"मग ते बी कुठं आहे?" मोनालीने कसंबसं विचारलं.

"तुम्ही बी घेऊन आलत्या त्या दिवशी घरात भाकरीसंग कोरड्यासाले काहीच नव्हतं. हे तुमाले वावर दाखवाले घेऊन गेले. मले वाटलं, पुडी खायाचीच होय. कुकरात लावली, उसळ केली." पंचफुलाने पदर तोंडाशी नेला. "तुम्ही दोनदा मागून खाल्ली, माय."