एकमेव वापरणारा

"हा नाडीयंत्राचा ड्रायव्हर अजून कशाला ठेवलायस?" काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. काका म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने, शेवटची सही त्यांची.

तिला तिथे सगळे मेनूवाली म्हणत. कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या प्रणालीच्या गाभ्यात, कोणत्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा प्रोग्राम, घ्यायचा नि कोणता गाळायचा, त्याचा लांबलचक मेनू तिच्या ताब्यात होता. सकाळपासून ती तो लावत बसली होती, घरातलं कपाट लावावं तसा. जुन्या ड्रायव्हरचा नियम साधा होता. वर्षातून एकदा सगळ्यांना विचारायचं, कोणी वापरतंय का? एकाचंही उत्तर आलं नाही, तर काढून टाकायचं.

"एक जण वापरतो, काका. दरवर्षी मेल येते त्याची."

मेल येते कसली, डोंबल! तो वापरणारा हिनेच जन्माला घातला होता. खोटा पत्ता, पासवर्ड फक्त हिला ठाऊक, आणि दरवर्षी तीच ओळ: "वापरतोय, काढू नका." आईच्या खाटेशी हेच यंत्र होतं. डॉक्टर विचारायचे, यंत्रं काढू या का, आणि ही एकोणीस दिवस "अजून नको" म्हणत राहिली. विसाव्या दिवशी आई हिला न विचारताच गेली. यंत्र भंगारात गेलं, ड्रायव्हर तेवढा राहिला. तो काढायची वेळ आली की ही गुपचूप मेल पाठवून द्यायची.

"यंदाची मेल दाखव बघू. थांब, चष्मा आणतो." काका आपल्या टेबलाकडे गेले.

यंदा तिने मेल पाठवलीच नव्हती. कामाच्या रगाड्यात राहून गेलं होतं. आता दाखवणार काय, कप्पाळ? उगीच वेळ काढायला तिने मेलपेटी उघडली.

त्याच खोट्या पत्त्यावरून मेल आली होती. सोबत यंत्राची नोंद, आजच्या तारखेची. नाडी एकेचाळीस, चाळीस, चाळीस. यंत्राचा क्रमांक तिला तोंडपाठ होता. खाटेशी बसून दुसरं वाचायला होतं तरी काय? तोच क्रमांक होता.

वर एकच ओळ. "दमले गं. आता काढ."

तिने ती ओळ पुन्हा वाचली. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. इतकी वर्षं आपण कोणाला धरून ठेवलं होतं?

नोंदीत खाली नवा आकडा उमटला. एकोणचाळीस. मग बराच वेळ काही नाही.

तिने मेनूतली ती ओळ निवडली. ओठावर आलेलं "अजून नको" गिळलं आणि बटण दाबलं. ओळ गेली. खालच्या ओळी वर सरकल्या.

काका चष्मा पुसत आले. "अगं, काढलास पण? आणि तो वापरणारा? बिचाऱ्याला आधी कळवायचं तरी."

"कळलंय तिला," ती म्हणाली.