पासलीहून आलेला फोन

हीनाला चूक सापडली, तेव्हा रत्नाला जाऊन महिना होत आला होता.

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या भोरच्या एका संस्थेचा सर्व्हर हीनानं जावास्क्रिप्टमध्ये लिहिला होता. त्यात प्रत्येक फाइल हे वेगळं मॉड्यूल. एकातली नावं दुसऱ्यात जात नाहीत. पण ‘गाव’ या नावाआधी लावायचा, ते नाव त्या एका फोनपुरतंच ठेवणारा ‘कॉन्स्ट’ हा शब्द तिच्या हातून राहून गेला. तेवढ्यानं ते नाव ग्लोबल, म्हणजे सगळ्यांचं सामाईक झालं. येईल त्या प्रत्येक फोनला तेच एक ‘गाव’.

रत्ना गेली त्या दिवशी पासलीहून फोन आला. नकाशावरून रस्ता मिळेपर्यंत त्या फोनचं काम थांबलं, तेवढ्यात कामथडीचा फोन आला आणि पासलीच्या जागी कामथडी बसलं. दोन्ही गाड्या कामथडीला गेल्या. इकडे रत्ना बाळंतपणात रक्त जाऊन गेली. बाळही गेलं. फोन तिच्या सासऱ्यानं, म्हादूनं केला होता. सुनेचं माहेर कामथडीचं. घाबरलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून तेच नाव गेलं असणार, असं चौकशीत ठरलं. सगळ्यांना ते पटलंही.

हीनानं संस्थेच्या कुमारसरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, दुरुस्त कर आणि गप्प राहा, गेलेली माणसं काही परत येत नाहीत.

एका शब्दात दुरुस्ती झाली. मग तिनं वेल्ह्याची एसटी धरली आणि पुढं जीपनं पासली गाठली.

म्हादू गोठ्यात वैरण टाकत होता. घराचं दार लोटलेलं होतं. कॉम्प्युटरचं कसं सांगावं ते हीनाला सुचेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, “बाबा, तुम्ही पासलीच सांगितलं होतं. चूक माझी आहे. माझ्यामुळं गाडी दुसरीकडं गेली.”

म्हाताऱ्याच्या हातातली पेंढी खाली पडली. तो शिव्या देईल, हात उगारेल, म्हणून हीना मान खाली घालून उभी राहिली.

म्हादू जवळ आला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि तिला लोटलेल्या दारापाशी नेलं.

“पोरी, ह्येच हितं मोठ्यानं बोल,” तो म्हणाला. “आत सोमनाथ हाय, माजा ल्योक. बायकू गेल्यापास्नं माज्याशी बोलल्याला न्हाई.”