खऱ्याएवढं घर

दारावर नंबर लिहिता लिहिता रुपरावाची नजर आत गेली आणि हातातला ब्रश थांबला. समोरच्या भिंतीवर त्यानंच काढलेलं चित्र लावलेलं होतं.

चित्रात दोन घरं होती. डावीकडे मातीचं, बुटकं. उजवीकडे सिमेंटचं, त्याच्या दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद. खाली बारीक अक्षरांत मजकूर होता : मातीचं घर वीस वर्षं टिकतं, सिमेंटचं चाळीस. दुप्पट होतं ते घराचं आयुष्य. घर नव्हे.

रुपराव नागपूरच्या एका सरकारी कचेरीत चित्रकार होता. धरणाखाली जाणाऱ्या गावांतून दाखवायला साहेबांनी हे चित्र काढून घेतलं, तेव्हा तो भीत भीत म्हणाला होता, "साहेब, लोकं याले घराचा आकार समजतीन."

"समजू द्या," साहेब म्हणाले. "खाली लिहिलंय ना? खोटं तर काहीच नाही यात."

खोटं खरंच काही नव्हतं. रुपरावानं मग सिमेंटच्या घराला निळी खिडकी काढली. दारात एक हसरी बाई उभी केली. उंचीही दुप्पट, रुंदीही दुप्पट, त्यामुळं डोळ्यांना ते घर चौपट दिसत होतं. साहेब खूश झाले. त्या वर्षी रुपरावाची नोकरी कायम झाली.

आता गाव पाण्याखाली गेलं होतं. माणसं खापा गावाच्या पुढे, माळावरच्या या नव्या वस्तीत आली होती. एकेका खोलीची सिमेंटची घरं, एका रांगेत. सगळी सारखी, म्हणून नंबर टाकायला कचेरीनं रुपरावाला धाडलं होतं.

"आत या ना भाऊ, पाणी घ्या," घरातली बाई म्हणाली. जयवंताबाई तिचं नाव. तिचा नवरा चंपतराव बाहेर उन्हात बाजेवर बसला होता. बाज आत घेतली की चुलीपाशी बसायला जागा उरत नसे.

रुपराव आत गेला. पाणी प्यायला. चित्राकडे न पाहण्याचा त्यानं प्रयत्न केला, पण खोली एवढीशी होती की दुसरीकडे बघायला काही नव्हतं.

"हे चित्र अजून ठेवलं तुमी?"

"मीच मांगून आणलं व्हतं सभेतून," जयवंताबाई म्हणाली. "हे तं कागदावर आंगठा द्याले तयारच नव्हते. मी म्हणलं, पाहा तं खरं, घर केवढं हाये! पोराचं लगन झालं तं सुनेले येगळी खोली व्हईन. मंग यायनं आंगठा देला. यायचं पाहून साऱ्या गावानं देला." तिनं रिकामा पेला उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. "पोरगा-सून नागपुरात भाड्यानं राहाते आता. इथं कुठी राहीन? अन् बाया विहिरीवर मायासंग बोलत नाई. म्हणते, हिनंच बुडवलं."

रुपरावाच्या घशाशी शब्द आले. 'बाई, ते चित्र मी...' त्यानं तोंड उघडलंही.

तेवढ्यात चंपतराव बाहेरून ओरडला, "त्याले काहून सांगून राहिली वं? तो बिचारा नंबर टाकणारा माणूस. त्याचा काय दोष?"

रुपरावानं तोंड मिटलं. तळहाताला लागलेला काळा रंग तो धोतराला पुसत राहिला.

"फाडूनच टाकणार व्हती मी," जयवंताबाई म्हणाली. "पण जुन्या घराची तेवढीच निशाणी राह्यली." तिनं डावीकडच्या बुटक्या घरावर बोट ठेवलं. "पण येवढंसं नव्हतं भाऊ ते. ज्यानं काढलं, त्यानं पाह्यलं तरी व्हतं का आमचं घर?"

रुपरावानं त्या गावातलं एकही घर पाहिलं नव्हतं.

"तुमच्यापाशी रंग हाये," ती एकदम म्हणाली. "काढून देता का भिंतीवर? समोरून जसं दिसे तसं. लहान नका काढू पण. खऱ्याएवढं काढा."

कचेरीच्या रंगाचा डबा होता. अजून निम्म्या दारांवर नंबर टाकायचे बाकी होते. रुपराव म्हणाला, "सांगा."

तिनं चित्र उतरवलं, भांडी बाजूला सरकवली. दाराजवळच्या कोपऱ्यात उभी राहून हात वर केला. "चौकट येथवर." रुपरावानं चौकट काढली. मग खिडकी, तिच्या शेजारी दिव्याचा कोनाडा. मग सपरीचा, म्हणजे पुढच्या पडवीचा, ओटा सुरू झाला. ती भिंतीला हात लावत पुढे सरकायची आणि ब्रश तिच्या हातामागून जायचा. पहिली भिंत संपली तसा तो कोपऱ्यातून दुसऱ्या भिंतीवर वळला.

"सपरी आणखी लांब व्हती," चंपतराव म्हणाला. तो केव्हा आत आला ते कोणाला कळलं नव्हतं. "माही बाज टाकून बाजूले वखर मावे." त्यानं दोन्ही हात पसरून दाखवलं. हात तसेच पसरलेले ठेवून तो बायकोकडे बघत राहिला.

रुपरावानं ओटा वाढवला. सपरीचे खांब काढले. धान्याच्या खोलीची भिंत काढली, तिच्यावरचा झरोका काढला. तिसरी भिंत भरली. चौथी भरली. ब्रश पुन्हा पहिल्या चौकटीला येऊन टेकला आणि पुढे जागाच उरली नाही. रुपराव मान खाली घालून उभा राहिला.

"थांबले काहून, भाऊ?" जयवंताबाई म्हणाली. "बैलाचा कोठा राह्यला ना अजून."