पाचव्या कडव्याची चाल

"इनला इन, आऊटला आऊट. झालं, वहिनी!" चंद्रप्रकाश कंबर धरून टेबलाखालून बाहेर आले आणि त्यांनी बटण दाबलं.

तेहतीस वर्षांपूर्वीचा तो संगणक घरघरला. फ्लॉपीने आत दोनदा कटकट केली, छोट्या पडद्यावर एक आडवी रेघ उमटली. पण शेजारच्या केयूरकडून उसना आणलेला, पेटीसारख्या पट्ट्यांचा नवाकोरा कीबोर्ड काही केल्या वाजेना.

"मेला वाटतं," चंद्रप्रकाश म्हणाले.

वसुधाबाई टेबलाजवळ आल्या. रविवारी समीक्षाचं लग्न होतं. नातीने आजीकडे एकच गोष्ट मागितली होती : मधुवंती आत्याआजीच्या लग्नासाठी तू रचलेली मंगलाष्टकं, पाचही कडवी, तुझ्याच चालींत. चार कडव्यांच्या चाली त्यांना झोपेतही म्हणता आल्या असत्या. पाचवी मात्र त्या लग्नात ऐन अंतरपाटापाशी आठवेना, ती आजतागायत आठवली नव्हती. तेव्हा भटजींनीच ते कडवं आपल्या नेहमीच्या सुरात ओढून नेलं होतं. त्या लग्नाआधी वसुधाबाईंनी चाली यजमान श्यामकांत यांच्या या संगणकावर वाजवून साठवल्या होत्या; पाचवी असलीच तर आता या फ्लॉपीत होती.

त्यांनी चष्मा वर सरकवला आणि टेबलामागे डोकावून पाहिलं. दोन वायरी, चार भोकं. इन म्हणजे आत, आऊट म्हणजे बाहेर, एवढं कळायला संगणक यावा लागत नाही.

"भावजी, याचं तोंड तुम्ही त्याच्या तोंडाला लावलंत आणि कान कानाला. मग ऐकणार कोण? आमच्या सोसायटीची मीटिंग झालीय ही."

चंद्रप्रकाश खाली वाकले आणि तसेच हसत सुटले. "वाट लागली माझी! अहो, चाळीस वर्षं स्टुडिओत स्पीकरच्या वायरी जोडल्या. लालला लाल, काळ्याला काळी. हात तिकडेच जातो. आमचा दोस्त श्यामकांत असता तर आज धुतला असता मला."

"ते काय धुणार? ते स्वतः दर वेळी कागदावर चित्र काढून मग जोडायचे."

वायरी बदलल्या. आणि कीबोर्डमधून जुन्या फोनची घंटी वाजायला लागली. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग, वर चढणारी, खाली उतरणारी.

"उचला फोन," वसुधाबाई म्हणाल्या, "मुलाकडचे असतील."

आणि लगेच त्यांनी हात वर केला. त्या घंटीच्या आत पहिलं कडवं होतं! सूर न् सूर त्यांचा.

"पण मी तर पेटीचा आवाज लावला होता."

"यात आवाज नसतोच, वहिनी. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात, किती वेळ धरली, तेवढंच लिहून ठेवतो हा. आणि आवाजाचा नुसता नंबर. तुमच्या वेळी त्या नंबरावर पेटी होती, या नव्याने तिथे फोन ठेवलाय." त्यांनी कीबोर्डावर दोन-तीन बटणं दाबून पाहिली. पेटी लागली.

वसुधाबाई खुर्ची ओढून पुढे बसल्या. समोरच्या पट्ट्या हलत नव्हत्या, तरी त्यांची नजर त्यांच्यावरच. दुसरं कडवं. तिसरं. एका ठिकाणी करंगळी चुकून शेजारच्या पट्टीवर घसरलेली त्यांना स्पष्ट ऐकू आली.

"किती घाईत वाजवलंय मी," त्या म्हणाल्या. "पाठीमागे कोणी लागल्यासारखं."

चौथं कडवं संपलं. त्यांनी पदर मुठीत धरला. पाचवं सुरू झालं. हळू, खालच्या सुरातून. पहिल्या ओळीचे सात सूर आले. आठवा आला आणि लांबला.

मग काहीच नाही.

चंद्रप्रकाशांनी वायर हलवली. संगणकाला कान लावला. चष्मा नाकावर घेऊन पडद्यावरचे आकडे पाहिले. आकडे पुढे पळत होते.

"सगळं ठीक आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "फ्लॉपी चांगली आहे, वायर चांगली आहे. इथून पुढे पट्टी दाबलेलीच नाही कोणी. रेकॉर्डिंग मात्र चालू राहिलंय. तुम्ही उठून गेलात, वहिनी."

"उठून? कुठे?"

"ते यात कसं कळणार?"

वसुधाबाई आठवू लागल्या. तेव्हा या दोन खोल्यांत सहा माणसं होती. कुकर झाला असेल. दारावर कोणी आलं असेल. सासूबाईंनी नुसतं 'वसुधा' म्हटलं असेल. कोणीही हाक मारली असेल, आणि त्या उठल्या असतील. त्यात लक्षात राहावं असं काही नव्हतं.

"म्हणजे मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले, विसरले म्हणून. अहो, विसरायला ती चाल आधी झाली तरी पाहिजे ना!"

पडद्यावर आकडे सरकत होते.

"ही रेकॉर्डिंगची रेघ अजून किती लांब आहे?" वसुधाबाईंनी विचारलं.

"बरीच आहे. पण रिकामीच दिसतेय." त्यांनी बोट बटणाकडे नेलं. "बंद करतो."

वसुधाबाईंनी त्यांचा हात धरला.

"थांबा भावजी. मी परत येते का, बघू दे."